दोन बोटं

“अंगठा नको,” गिरिधर सर म्हणाले. सकाळपासून चौथ्यांदा. “दोन बोटं ठेव. अंगठ्याले स्वतःची नाडी असते.”

श्वेतानं मान हलवली. मागे पोरी हळूच हसल्या. सातवीच्या वर्गात सरांची नक्कल करायला एवढं एक वाक्य पुरत असे.

नंदनवनच्या तरणतलावात शाळेचा खेळाचा तास चालला होता. खेळ सर्फिंगचा. हृदयाला याच्यासारखा व्यायाम नाही, असं मुख्याध्यापिका भैरवी मॅडमनी कुठंतरी वाचलं आणि ठरवून टाकलं. नागपुरात समुद्र कुठला? मग कमरेएवढ्या पाण्यात फळी, फळीला दोर. दोघींनी दोर ओढायचा, चौघींनी काठावरून ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यावर आपटायची. ती लाट. फळीवर पालथ्या पडलेल्या पोरीनं झटक्यात उभं राहायचं. फेरी झाली की ठोके मोजून वहीत लिहायचे.

“सर, तुमी खरा समुद्र पाह्यला?” एका पोरीनं विचारलं.

“टीव्हीवर.”

“मंग तुमाले बी आमच्याएवढंच येते.”

सर हसले नाहीत. त्यांची बायको सुभद्राबाई गेल्याला सात महिने झाले होते. तेव्हापासून ते झोपून उठले तरी थकलेलेच असत. शिकवायचं ते शिकवत, पण या सात महिन्यांत त्यांनी कुणाचं मनगट धरलं नव्हतं. पोरीच एकमेकींचे ठोके मोजत.

आज फळीवर गुंजनचा नंबर होता. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आजवर खेळाच्या तासाला तिनं फक्त सगळ्यांच्या चपला राखल्या. महिनाभर आईच्या मागे लागून तिनं डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती. खेळू द्या, पण ठोके दीडशेच्या वर गेले तर लगेच थांबवा. श्वेता तिची मैत्रीण. तीच जास्त घाबरलेली होती.

गुंजन दोनदा चढता चढताच पाण्यात पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली, हात पसरून, आणि फळी काठाला लागेपर्यंत पडली नाही. पोरींनी तलाव डोक्यावर घेतला.

श्वेतानं तिचा हात धरला. सरांनी घड्याळाकडे पाहून पंधरा सेकंद मोजले.

“वीस, सर. चोक ऐंशी.”

“पाहा,” गुंजन धापा टाकत म्हणाली. “काईच नाही झालं. अजून एकडाव जाऊ द्या ना, सर.”

सर हो म्हणणारच होते. तेवढ्यात त्यांना तिचे ओठ दिसले. जांभळट. मग श्वेताचा हात दिसला. तिचा अंगठा गुंजनच्या मनगटावर गच्च रुतलेला होता.

सर कपड्यांसकट पाण्यात उतरले. गुंजनचं मनगट त्यांनी स्वतः धरलं. दोन बोटांनी. बेचाळीस. चोक एकशे अडुसष्ट.

तिला सावलीत आडवं केलं. आईला फोन गेला. सर मनगट धरूनच बसले. दहा मिनिटांनी ठोके शंभरावर आले, ओठांना रंग आला, आणि गुंजननं विचारलं, “उद्या चढू ना?” मगच त्यांनी हात सोडला.

श्वेता पायरीवर बसून रडत होती.

“म्या खोटं नाही सांगतलं, सर. मले खरंच ठोके लागून राह्यले होते.”

“लागत होते. ते तुझे होते.”

“पन हात त तिचाच होता.”

सर तिच्याशेजारी ओल्या पायरीवर बसले. पँटमधून पाणी गळत होतं.

“भेव वाटलं का माणूस हात गच्च धरते. गच्च धरला का अंगठा तिथंच येते,” ते म्हणाले. “आमच्या सुभद्राबाईच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरनं फोनवर इचारलं, ठोके किती? म्या मोजून सांगतले, बाहत्तर. ते म्हणाले, मंग काई घाई नाही, दुपारून आना.”

श्वेता रडायची थांबली. “मंग?”

“ते बाहत्तर माझे होते.”