हाताने लिहिलेली अट

अमेरिकेतल्या अ‍ॅडिरोंडॅकच्या डोंगरातलं आपलं रान कुणी कधी तोडू-खणू नये, म्हणून ल्युसियनने ते संवर्धन करारात बांधून टाकलं होतं. तो गेला, तेव्हा त्याची बायको थेल्मा करार सांभाळणाऱ्या संस्थेच्या ग्रेटाकडे रडकुंडीला येऊन पोचली.

"अगं, मी काय बंगला बांधायला मागतेय? मेपलखाली त्याच्या कबरीपुरती जागा दे. मरेपर्यंत राहीन मी त्याच्याजवळ."

"काकू, करारात कबरीला मनाई आहे."

"त्याच्याच रानात त्याला मनाई? कुठल्या मेल्याने घातली ही अट?"

ग्रेटाने करार पुढे केला. ती अट ल्युसियनने स्वतःच्या हाताने लिहिली होती, खाली कारणासकट.



"मला इथे पुरलं, तर थेल्मा लेकीकडे जायची नाही. एकटीच बर्फात बसून राहील."