पुसलेली नोंद

"गाडीत सापडलेल्या त्या नशेच्या गोळ्यांचा पश्चात्ताप होतो?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"रोज होतो," रॉस्को म्हणाला. मागच्या बाकावर त्याची मुलगी कॉरिन आपल्या बुटांकडे बघत राहिली.

त्या एका गुन्ह्यामुळे अठरा वर्षं त्याला धड नोकरी मिळाली नव्हती. नात टेसाच्या सहलीला सोबत जायलाही शाळेने नकार दिला होता. आज गुन्ह्याची ती नोंद कायमची पुसण्याचा त्याचा अर्ज मंजूर झाला.

"आता मे महिन्यात टेसाच्या बसमध्ये मी. तू बस घरी!" पायऱ्या उतरताना तो हसला.

"डॅड, मला काही सांगायचंय."

"कोर्टाने पुसलं ते तू कशाला उकरतेस? चल, भूक लागलीय."

तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तो झोपेतून उठलाच नाही.

तीन आठवड्यांनी कोर्टाचं पत्र आलं. रॉस्कोच्या नावावर कुठल्याही गुन्ह्याची नोंद नाही, असं त्यात होतं. पोलिसांकडची जुनी फाइलही नष्ट झाली होती. आता कोणी तिला काही विचारणार नव्हतं. कॉरिनने पत्र त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली,


"डॅड, त्या गोळ्या माझ्या होत्या."