चाळीतली किल्ली

ऑपरेटिंग सिस्टिमच्या सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "व्हायवाच्या तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले की चोर कळतो मला. ज्याने दुसऱ्याचा प्रोग्रॅम उचलला त्याला शून्य, थेट केटी." केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर धम्मपालची कॅम्पसमधून मिळालेली नोकरी जाणार होती. पण त्याला भीती नव्हती. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ त्याने स्वतः लिहिली होती.

व्हायवाच्या आदल्या दिवशी त्याच्याच वर्गातला, मुलुंडच्या टॉवरमध्ये राहणारा अनय गयावया करत आला. "यार, वाट लागलीय. प्रोग्रॅममधलं ते लॉक म्हणजे काय तेच कळत नाहीये."

धम्मपालने प्रोग्रॅम दिला, वर समजावूनही सांगितलं, "आमच्या चाळीतल्या संडासाची किल्ली बघ. किल्ली एकच. ती ज्याच्या हातात तो आत, बाकीचे रांगेत."

व्हायवा रोल नंबरप्रमाणे झाली. अनयचा नंबर तिसरा, धम्मपालचा एकसष्टावा. सरांनी लॉकबद्दल विचारलं, तसा धम्मपाल हसून चाळीतली किल्ली सांगू लागला. सरांचं पेन थांबलं.



"हाच प्रोग्रॅम आणि हीच किल्ली सकाळी अनयने सांगितली. निदान उदाहरण तरी स्वतःच्या घरातलं आणायचं होतंस रे."