पिटबुलचा खंबीर मालक

मकरंद चांदोरकरांनी सोसायटीत शेरा नावाचा पिटबुल आणला, तेव्हा कुत्र्यापेक्षा त्यांचीच छाती जास्त फुगली होती. "जात वाईट नसते, मालक खंबीर लागतो," असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. खंबीर मालक सकाळी उशिरापर्यंत घोरत असल्यामुळे शेराला फिरवणं, शिस्त लावणं, तोंडाला जाळी बांधणं ही किरकोळ कामं त्यांच्या बायकोकडे, वृंदाकडे आली होती.

एका रविवारी पाहुणे आले, म्हणून मकरंदराव स्वतः शेराला खाली बागेत घेऊन गेले. जाळी घरीच राहिली. फोटोत ती शोभत नाही. समोरून दामलेआजी त्यांचं छोटं पॉमेरेनियन कुत्रं घेऊन आल्या. शेराने हिसका देऊन पट्टा सोडवला आणि पॉमेरेनियनची मान धरली. खंबीर मालक बाकावर चढले आणि तिथून "शेरा, प्लीज" म्हणू लागले.

वृंदा गॅलरीतून पाहून धावत आली. दोन्ही पायांत शेराला दाबून तिने त्याचा गळपट्टा पिळला आणि त्याने तोंड उघडेपर्यंत सोडला नाही. मग ती आजींसोबत डॉक्टरकडे गेली. टाके पडले, पण कुत्रं वाचलं.

ती परतली तेव्हा मकरंदराव पाहुण्यांना सांगत होते, "माझ्या एका शब्दावर सोडलं त्याने."

वृंदाने शेराचा पट्टा त्यांच्या हातात ठेवला. "अहो, मग संध्याकाळची फेरी आजपासून तुमची."

मकरंदरावांची कंबर नेमकी तेव्हाच धरली.