सातानंतरचे आकडे

आवळून धरायचं, दहा आकडे मोजायचे आणि मगच सोडायचं. एवढ्या व्यायामानं शौचावरचा ताबा ऑपरेशनशिवाय परत येईल, असं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं. म्हणून भरदुपारी रिकाम्या घरात कुमुदिनीबाई मेणकापडावर आडव्या पडून आकडे मोजत होत्या. मेणकापड सासूबाईंचं, त्या बारा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते माळ्यावर होतं.

सातावर कुमुदिनीबाईंचं बळ सरलं आणि त्या गप्प झाल्या. मोजणी मात्र थांबली नाही. उशाशी कुणीतरी थकल्या आवाजात म्हणत होतं, "आठ. नऊ. दहा. सोड आता."

आवाज ओळखीचा होता. याच मेणकापडावरून तो ओशाळून म्हणायचा, "आवरलंच नाही गं," आणि कुमुदिनीबाई फटकारायच्या, "मुद्दाम करता तुम्ही."

त्या उठल्या नाहीत. पुन्हा आवळलं, या वेळी स्वतः न मोजता.

महिन्यानं तपासताना फिजिओथेरपिस्ट खूश झाली. "काकू, आता पूर्ण दहा आकडे धरता की. घरी मोजतं कोण?"

"सासूबाई."

"नशीब काढलंत. अशी सासू मिळायला लागते."

कुमुदिनीबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "त्यांना सून तशी नव्हती मिळाली."