लहानपणाची साक्ष

“लहानपणी वस्तू हरवायची का ही?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“नाही,” सुनंदाबाई म्हणाल्या.

टेबलाखाली मघापासून हलणारा कामिनीचा पाय थांबला. पाचवा प्रश्न आणि पाचव्यांदा नाही.

जळगावहून धुळ्याची ही तिची तिसरी खेप. जळगावात मनोविकाराच्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी ना कुणी ओळखीचं भेटणारच, म्हणून धुळं. लॅबमध्ये तिच्या हातून दोन रक्तनमुन्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या. रिपोर्ट जायच्या आत चूक सापडली, म्हणून निभावलं. मालकांनी सुधारायला महिन्याची मुदत दिली होती. चार वर्षांतली ही तिसरी नोकरी.

पहिल्या खेपेला तिची फाईल एसटीतच राहिली. दुसऱ्या खेपेला मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चाचण्या केल्या आणि म्हणाल्या, “एडीएचडी वाटतंय, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास. पण हे मोठेपणी अचानक उगवत नाही, लहानपणापासून असतं. तुमचं लहानपण पाहिलेलं कुणीतरी आणा, मग औषधाचं ठरवू.”

म्हणून तिने रावेरहून आईला आणलं होतं. सुनंदाबाईंचं शिस्तीत साऱ्या भावकीत नाव. किल्ल्या कमरेला, डब्या-डब्याला चिठ्ठी, लक्षात ठेवायच्या कामागणिक पदराला गाठ. आजही तीन गाठी होत्या. अशा बाईच्या पोटी ही पोरगी कशी, असं लोक कामिनीच्या तोंडावर म्हणत.

“शाळेत लक्ष असायचं?”

“चांगलं व्हतं.”

“सांगितलेलं काम विसरायची?”

“नाही.”

कामिनीला बसवेना. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली.

“माय, खरं सांग ना. माझी अब्रू झाकायला नाही आणलं तुला. तूच असं बोललीस तर मॅडम काय लिहिणार?”

“जे व्हतं तेच सांगू राह्यली मी.”

“मग योगराज?”

सुनंदाबाईंनी पदराची एक गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“योगराज कोण?” मॅडमनी विचारलं.

“माझा धाकटा भाऊ. मी पाच वर्षांची, तो दोनचा. रावेरच्या बाजारात माय भाजी घेत होती. याचा हात सोडू नको, असं मला बजावलं होतं. मी सोडला. दिवस मावळता सापडला तो, केळीच्या ट्रॅक्टरखाली झोपलेला. ट्रॅक्टर सुरू व्हायचाच बाकी होता. आजही भावकीतल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच, बाई, भाऊ कुठं ठेवला?”

“तुम्हाला आठवतं ते?”

“बाजारातलं काहीच नाही. बाबांचा पट्टा तेवढा आठवतो.”

सांगून झाल्यावर कामिनीला हलकं वाटलं. एवढा एक पुरावा तरी कागदावर चढेल.

मॅडमनी मात्र काही लिहिलं नाही. पेन बाजूला ठेवून त्या सुनंदाबाईंकडे वळल्या.

“मावशी, मला खोटं ‘हो’ नको आणि खोटं ‘नाही’ही नको. ही औषधं साधी नाहीत. दर महिन्याला तपासून द्यावी लागतात, कदाचित वर्षानुवर्षं. पायाच चुकला तर पुढचं सगळं चुकेल.”

बाहेर कंपाउंडरने कुणाचं तरी नाव पुकारलं. सुनंदाबाईंनी सकाळपासून पहिल्यांदा लेकीकडे नीट पाहिलं.

“माय, बोल ना,” कामिनी म्हणाली.

“तिचा बाप पोरीले चार पट्टे मारून गप बसला,” सुनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “मले त्यानं कायमचं माहेरी धाडलं असतं, मॅडम. त्या दिवशी कामिनी बाजारात आलीच नव्हती.”