बिनपायडलची सायकल

अण्णा तिसऱ्यांदा पडले तेव्हा तेजस्विनीला गॅलरीत उभं राहवेना. ती चप्पल न घालताच जिना उतरून पळाली.

इंदिरानगरातल्या त्यांच्या इमारतीमागे मोकळं मैदान होतं. तिथल्या गवतात तिचे वडील, गोटीरामअण्णा, उताणे पडले होते आणि अंगावर एक सायकल होती. सायकल तरी कशी म्हणायची? तिला पायडलच नव्हते. पुढे पाय टेकवायला दोन पत्रे, मधल्या दांड्यावर मागेपुढे सरकणारं सीट आणि छातीकडे ओढायचं हँडल. पायांनी रेटा देत हँडल ओढलं की साखळी ताणली जायची आणि मागचं चाक फिरायचं.

"लागलं का?"

"नाय गं. मऊ हाय इथं."

"आणि हे काय आणलंत?"

"इसाकभाईच्या भंगारात पडली होती. म्हटलं, पायडल मारून गुडघे दुखत्यात, ही ओढून बघू. पन लय आडमुठी हाय. ऐकतच नाय."

तेजस्विनीने नजर दुसरीकडे वळवली. ते सरकतं सीट तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. अशाच सीटवर बसून चार वर्षं तिने गंगापूर धरणात बोट वल्हवली होती. मग गेल्या हिवाळ्यात, राज्यस्पर्धेच्या अंतिम फेरीत ती सगळ्यांच्या पुढे असताना, तिचं वल्हं पाण्यात अडकलं आणि बोट उलटली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. मागे गाणं टाकलं. तो सगळ्या कॉलेजात फिरला.

त्यानंतर ती धरणावर गेली नाही. बूट माळ्यावर गेले. प्रशिक्षक सरांचे फोन तिने उचलले नाहीत. अण्णा अंबडच्या कंपनीत फिटर होते, दुपारच्या पाळीला. रोज पहाटे फिरायला जायचे आणि नऊच्या सुमाराला घामाघूम होऊन परत यायचे. तिची सकाळ त्यानंतर कधीतरी उजाडायची. आई आणि अण्णा दोघंही तिला एका शब्दाने बोलत नव्हते, आणि तेच तिला जास्त लागायचं.

"पुन्हा बसा," ती म्हणाली. "आणि आधी हातांनी ओढू नका."

"मंग कशानं ओढू?"

"आधी पाय. मग पाठ. सगळ्यात शेवटी हात. परत जाताना उलटं."

अण्णांनी आधी हात ओढले, मग पाय, आणि सायकल शेजारच्या गवतात आडवी झाली.

"अण्णा!"

"अगं, इतकं एकदम कसं ध्यानात राहील?"

"सरका. मी दाखवते."

दाखवायला म्हणून ती बसली. पत्र्यांवर पाय रोवले, सीट पुढे घेतलं. पहिले दोन झटके वाकडेतिकडे गेले. तिसऱ्याला पाय, पाठ, हात आपापल्या जागी आले आणि सायकल सरळ निघाली. कानाशी वारा आला. एक फेरी झाली, दुसरी झाली. थांबली तेव्हा तिचे डोळे भरले होते. अण्णा मात्र खाली बसून बुटाची लेस बांधत होते.

"लय अवघड दिसतंय," ते म्हणाले. "मला रोज शिकवशील?"

मग रोज सकाळी सात वाजता दोघं मैदानावर. अण्णांइतका मठ्ठ विद्यार्थी तिने पाहिला नव्हता. जे काल जमलं ते आज विसरायचे. रागावली की हसायचे. आठ दिवसांनी तिला सायकलीच्या सांध्यांवरचं वेल्डिंग दिसलं. कोरं, एकसारखं, माशाच्या खवल्यांसारखं. अण्णांनी घरात जे जे जोडलं होतं, दाराची जाळी, आईची पोळपाट ठेवायची मांडणी, त्या सगळ्यांवर हेच खवले होते. भंगारबिंगार काही नव्हतं. सायकल अण्णांनीच बनवली होती, तिच्यासाठी.

तिने ते उघड केलं नाही. चोरी पकडली गेल्यावर अण्णांचं तोंड उतरलेलं तिला बघवलं नसतं. फक्त त्या दिवशी ती त्यांच्यावर रागावली नाही.

"तेजू, एक शर्त लावू," अण्णा दुसऱ्या दिवशी म्हणाले. "मी मैदानाची पुरती फेरी न पडता मारली, तर तू धरणावरच्या निवड चाचणीला यायचं. रैवारी हाय ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुझ्या सरांचा फोन आलेला."

रविवारला पाच दिवस होते. अण्णांची गती बघता घाबरण्याचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "चालेल."

बुधवारी ते अर्ध्यावर पडले. गुरुवारी पाऊण फेरीवर. शुक्रवारी तर सुरुवातीलाच. आणि गंमत अशी, की शुक्रवारी रात्री तिला वाईट वाटत होतं. त्यांना जमावं असं तिला आतून वाटू लागलं होतं. शनिवारी ती सायकलीशेजारी धावत होती, ओरडत होती, "पाय! पाठ! हात! सोडा अण्णा, हळू सोडा!" शेवटच्या वळणावर सायकल डगमगली, पण अण्णांनी सावरलं आणि फेरी पुरी केली. तिने त्यांना मिठीच मारली. वर गॅलरीत आई डोळ्यांना पदर लावून हसत होती.

"शिकवलंस बरं मला," अण्णा धापा टाकत म्हणाले. "मास्तर चांगली हायस."

रविवारी सकाळी स्कूटरवरून दोघं धरणावर पोचले. पाणी शांत होतं. तेजस्विनीचे पाय आता मागे वळत नव्हते. बोट क्लबच्या फाटकावर भिका नावाचा नवा वॉचमन होता. त्याने वही पुढे केली. ती वाकून आपलं नाव लिहीत होती, तेवढ्यात त्याचं लक्ष अण्णांकडे गेलं आणि तो तोंडभर हसला.

"काय गोटीरामभाऊ, आज स्कूटरवर? दोन महिने तर रोज पहाटे इंदिरानगरहून ती बिनपायडलची सायकल हाणत येत होतात की!"